दोन हूकस्ट्रा, एक विमान

फ्लाइंग क्लाउड विमानतळ, मिनेसोटा
जानेवारीतला एक बोचरा मंगळवार

तीर्थस्वरूप ऑरिन मामा,

तुझ्या एकुलत्या एका भाचीचा, मारेनचा, दोन्ही हातमोजे काढून केलेला नमस्कार. (हातमोजे काढले एवढ्यावरून माझ्या भक्तीचा अंदाज करावा. आमच्या कचेरीतला हीटर आवाज भरपूर करतो, ऊब द्यायचं मात्र त्याच्या मनात येत नाही.)

तुझा डावा गुडघा कसा आहे? आई म्हणते, उजवा. तू फोनवर दोन्ही ठणठणीत असल्याचं सांगतोस, पण तू काठीवर रेलून उभा असलास तरी तेच सांगशील. धुराडं साफ झालं का, आणि झालं असेल तर छपरावर नक्की कोण चढलं होतं, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी लिहावीस. पुक्कोचा कान बरा असेल, अशी आशा आहे. कुत्र्याला टोपी घातल्याचं ऐकलं. फोटो पाठव. हेल्मी मामीशिवायचा हा तुझा पहिला ख्रिसमस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर तू पत्राची घडी घालून चुलीत सारशील आणि पुढचं वाचायचं राहून जाईल. पुढचं वाचण्यासारखं आहे.

हे पत्र आभाराचं आहे. आधी तू पाठवलेल्या धुरी दिलेल्या माशांचे आभार, आणि मग तुझ्या विमानाच्या त्या बॅटरीचे. बॅटरी ऐकून तू भुवया वर करशील, पण धीर धर, सगळं क्रमानं येईल (माझा क्रम म्हणजे काय हे तुला माहीत आहेच).

माझ्या धंद्याला तू 'श्रीमंतांची टॅक्सी बोलावणं' म्हणतोस. आता इतक्या वर्षांनी मला ते पटायला लागलंय, फक्त एक दुरुस्ती आहे. टॅक्सी बोलावणाऱ्याला शिट्टी मारली की सुटका असते. मला आधी विमान शोधावं लागतं, मग ते चालवायला माणसं, मग उतरायला मोकळी जागा, मग गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला कुठलं बिस्कीट चालतं ते. नोव्हेंबरपर्यंत माझी गिऱ्हाइकं धंद्यासाठी उडतात आणि करारी चेहऱ्यानं बसतात. डिसेंबर लागला की तीच माणसं, त्याच विमानातून, बर्फावर घसरायला किंवा उन्हात पडायला निघतात, आणि तेव्हा त्यांचे चेहरे जास्तच करारी होतात. कामाला उशीर झालेला त्यांना चालतो, सुट्टीला चालत नाही.

तर हूकस्ट्रा बंधू. पाइपस्टोनच्या बाजूला यांचा कारखाना आहे, ट्रकच्या पुढे लावून बर्फ लोटायच्या पात्यांचा. तुमच्या एली गावचा रस्ताही बहुधा यांच्याच पात्यानं मोकळा होत असेल. वडिलांनी गोठ्यात सुरू केलेला धंदा दोघांनी एवढा वाढवला, आणि मग एका गोष्टीवरून बोलणं टाकलं. पातं वाटेत दगडाला आपटलं तर वाचावं म्हणून त्यात काय घालावं? थोरला गेरिट म्हणे पिन. आपटलं की पिन तुटते, पातं वाचतं, नवी पिन घाला. धाकटा लॅम्बर्ट म्हणे स्प्रिंग. आपटलं की पातं मागे झुकतं, पुन्हा उभं राहतं, कुणाला थंडीत ट्रकखाली शिरायला नको. वडील म्हणाले पिन. तेव्हापासून भाऊ एकाच इमारतीत दोन वेगळ्या दारांनी आत जातात. आमच्याकडे माणसं जमिनीवरून भांडतात, बायकांवरून भांडतात, पण बोटाएवढ्या पिनेवरून भांडायला खानदानी चिकाटी लागते.

या ख्रिसमसच्या आठवड्यात कारखाना विकायचा ठरला होता. विकत घेणारे ॲस्पेनला सुट्टीवर होते, तिथेच जेवता जेवता सह्या व्हायच्या होत्या. गेरिटनं माझ्याकडे विमान मागितलं, कामापुरतं, जाऊन येऊन. लॅम्बर्टनंही माझ्याकडेच विमान मागितलं, बायको कॉरीन आणि तिच्या स्की घेऊन, आठवडाभर राहण्याच्या बेतानं. दोघांची अट एकच होती. दुसरा जवळपास दिसता कामा नये. मी दोन विमानं ठरवली, निघायच्या वेळा लांब ठेवल्या, आणि स्वतःवर खूश झाले. (माझं खूश होणं ही आमच्या धंद्यात वादळाची पहिली खूण मानावी.)

निघायच्या दिवशी सकाळी कळलं, लॅम्बर्टच्या विमानाच्या पुढच्या काचेला तडा गेलाय. त्या आठवड्यात दुसरं विमान मिळणं म्हणजे तुझ्या तळ्यात ऑगस्टमध्ये बर्फ मिळण्यासारखं. मी सगळीकडे फोन फिरवले. शेवटी गेरिटला फोन केला आणि म्हटलं, माझं एक जुनं गिऱ्हाईक अडकलंय, सज्जन गृहस्थ आहेत, सोबत बायको, तुमच्या विमानात जागा आहे. गेरिट म्हणाला, "ख्रिसमस आहे, येऊ दे." लॅम्बर्टलाही मी असंच, नाव सोडून, बाकी सगळं खरं सांगितलं. मामा, मी एक अक्षर खोटं बोलले नाही. फक्त ज्या अक्षरांची गरज होती तेवढी बोलले नाही.

दोघं शिडीपाशी समोरासमोर आले तेव्हा मी मध्ये उभी होते, हातात तुझं माशांचं खोकं. (ते त्याच सकाळी कचेरीत आलं आणि ठेवायला वेळ मिळाला नाही.) गेरिटनं माझ्याकडे पाहिलं. लॅम्बर्टनंही माझ्याकडेच पाहिलं. कॉरीननं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला गारठा लागतोय, तुम्ही इथे उभे राहून म्हातारे व्हा, मी आत जाते." आणि गेली. बाईच्या या एका वाक्यानं विमान निघालं. मला मात्र वैमानिक कॅप्टन बर्डसॉल यांनी बाजूला घेतलं. या बाईंचा आवाज कधी चढत नाही, म्हणून सगळे त्यांना वचकून असतात. त्या म्हणाल्या, "मारेन, मी पुढे बघू की मागे? मागचं तू बघ. चल, बस आत." म्हणून मी गेले. बदलायला कपडे नाहीत, दात घासायचा ब्रश नाही, मासे आहेत.

विमान लहान, मऊ कातड्याच्या खुर्च्या, दोघांच्या मधोमध मी. नेब्रास्कापर्यंत संभाषण असं चाललं.

"मारेन, त्या गृहस्थांना विचारा, पाय जरा आवरता येतील का."

"मारेन, त्या गृहस्थांना सांगा, भाडं पायांसकट भरलंय."

"मारेन, त्यांना विचारा, हा वास कसला येतोय."

हा शेवटचा प्रश्न दोघांनी एकदमच विचारला. तो वास तुझा होता, मामा. म्हणजे तुझ्या माशांचा. बंद केबिनमध्ये, हीटर चालू असताना, धुरी दिलेला व्हाइटफिश काय करू शकतो हे तुला तळ्याकाठच्या मोकळ्या हवेत कळणार नाही. मी म्हटलं, कातड्याचा असेल, नवीन आहे. कॉरीननं माझ्याकडे असं पाहिलं की मला खोकं कोटाखाली घ्यावं लागलं.

ॲस्पेनच्या डोंगरात बर्फाचा नुसता मारा सुरू होता. विमानतळ बंद. आसपासचे डोंगरातले सगळे बंद, डेन्व्हरच्या वर विमानांची रांग. कॅप्टन बर्डसॉलनी थोडा वेळ घिरट्या घातल्या आणि मग शांतपणे सांगितलं, आपण मागे फिरतोय, नेब्रास्काच्या टोकाला ड्राय फोर्क नावाचं गाव आहे, तिथे आकाश अजून स्वच्छ आहे. उतरलो तेव्हा खरंच स्वच्छ होतं. वादळ आमच्या मागोमाग आलं. आम्ही कॉफी ओतून घेईपर्यंत धावपट्टी दिसेनाशी झाली.

ड्राय फोर्कचा विमानतळ म्हणजे एक खोली, एक कॉफीचं यंत्र, भिंतीवर हरणाचं मुंडकं, आणि ट्विला सेडलाचेक नावाची बाई. विमानतळाची व्यवस्थापक तीच, पेट्रोल भरणारी तीच, आणि गुरुवारी त्याच खोलीत बायकांचे केस कापणारीही तीच. तिनं आमचं स्वागत इतक्या मोकळेपणी केलं की मला वाटलं, आपल्याला ही ओळखते. नंतर कळलं, आठवड्यात तिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

इथे बॅटरीची गोष्ट येते.

गेरिट उठला आणि माझ्यापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "मारेन, संध्याकाळी सह्या आहेत. हवा जरा उघडली की आपण उडणार. त्या बाईंना सांगा." मी म्हटलं, धावपट्टीवर बर्फ आहे. तो म्हणाला, "वर्षाला माझी किती उड्डाणं तुमच्याकडून होतात, ठाऊक आहे ना? कारखान्याची माणसं, गिऱ्हाइकं, सगळी. भाडं मी देतो. विमान माझं आहे आज." मला ठाऊक होतं. हूकस्ट्रा गेले तर माझ्या कचेरीला कुलूप, हेही ठाऊक होतं. कॅप्टन बर्डसॉल खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं होतं आणि आता त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं 'नाही' त्यांच्यापाशी होतंच. माझं मला द्यायचं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना बाजूला सारून होकार देणारा वैमानिक मी शोधून देईन की काय, हा खरा प्रश्न होता. आणि असे शोधून देणारे आमच्या धंद्यात आहेत.

तेव्हा मला, कुठून कोण जाणे, तू आठवलास. मी सात-आठ वर्षांची असेन. तुझ्या विमानातून परत निघालेले शिकागोचे ते शिकारी, कुणाच्या तरी लग्नाला पोचायची घाई, आणि तळ्यावर हे एवढं गोठवणारं धुकं. ते तुला दरडावत होते. तू तळ्यावरच्या विमानाकडे गेलास, बॅटरी काढलीस, काखोटीला मारून आलास, आणि सरळ सौनात, तुझ्या त्या वाफेच्या लाकडी खोलीत, जाऊन बसलास. मामी सांगायची, ते एकेक करून कपडे काढून तुझ्याशी वाद घालायला आत आले, आणि नागव्या, घामाघूम माणसाला दुसऱ्याला दम देणं कसं जमत नाही हे तिनं त्या दिवशी दाराच्या फटीतून पाहिलं. (फटीतून ऐकलं, असं ती म्हणायची. मी मोठी झाल्यावर 'पाहिलं' म्हणाली.) त्या सगळ्यांनी रात्री तुझ्याकडे मटणाचा रस्सा खाल्ला आणि सकाळी ते जिवंत घरी गेले. लग्नाला उशिरा पोचले म्हणून कुणी मेलं नाही.

माझ्याकडे बॅटरी नव्हती, सौना नव्हती. मी म्हटलं, "मिस्टर हूकस्ट्रा, नाही. आणि उद्यासुद्धा तुम्हाला 'हो' म्हणणारा दुसरा वैमानिक मी आणून देणार नाही. तुम्ही दुसरीकडे जा, मला राग नाही." पण मामा, ते 'नाही' माझ्या तोंडून आलं तरी होतं तुझं. त्याचेच हे आभार.

गेरिट लालबुंद झाला. मग, बहुधा कुणावर तरी ओरडणं भाग होतं म्हणून, ट्विलाकडे वळला. "तुमच्याकडे बर्फ लोटायचा ट्रक नाही का?"

"आहे की," ट्विला म्हणाली. "पातं लोंबतंय. परवाच कशावर तरी आपटलं."

"कुठल्या कंपनीचं?"

"आता काय सांगू? जुनं आहे. हूकस्ट्रा का हॉकस्ट्रा, असलं काहीतरी. कोण असतील ते असोत, चांगलं टिकलं बिचारं."

लॅम्बर्टनं कोटाची बटणं लावली आणि निमूटपणे बाहेर गेला. गेरिट त्याच्या मागोमाग, कारण त्याला एकट्याला जाऊ देणं म्हणजे हार. मी, कॉरीन आणि ट्विला त्यांच्या मागे, कारण आम्हाला बघायचं होतं.

शेडमध्ये ट्रकखाली दोन्ही भाऊ पाठीवर पडले. अंगावर महागडे कोट. लॅम्बर्टचा आवाज आला, "तुटली. पिनच तुटली. मी सांगत होतो." थोड्या वेळानं गेरिटचा आवाज आला, "ही आमची पिन नाही. हा कुंपणाचा खिळा आहे." ट्विला म्हणाली, गेल्या हिवाळ्यापासून खिळेच घालतेय, पिना संपल्या. लॅम्बर्ट म्हणाला, "पाहिलंस? पिना संपतात." गेरिट म्हणाला, "स्प्रिंग असती तर कधीच गंजून मोडली असती." मी मध्ये काही पोचवायला तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं, ते माझ्याशी बोलतच नव्हते.

मग गेरिटनं दिवा पात्याच्या मागच्या बाजूला धरला. तिथे उठावदार अक्षरं होती, हूकस्ट्रा आणि मुलगे. खाली वेल्डिंगची एक सरळ, देखणी शिवण. गेरिट म्हणाला, "ही बाबांची आहे. अशी सरळ त्यांच्याशिवाय कुणाला जमायची नाही. मी नव्या पोरांना अजून हेच दाखवतो."

लॅम्बर्टनं त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "माझी आहे. बाबांचा हात त्या वर्षी प्लास्टरमध्ये होता. त्यांनी सांगितलं, कुणाला बोलू नकोस, गिऱ्हाइकं धास्तावतील."

गेरिटनं दिवा शिवणीच्या आणखी जवळ नेला. नंतर म्हणाला, "मग ती डावीकडे जराशी वाकडी आहे."

"आहे," लॅम्बर्ट म्हणाला. "मला शिंक आली होती."

मामा, कॉरीन हसायला लागली ती थांबेचना, आणि ट्रकखालून दोघंही हसताहेत असा आवाज आला, पण बाहेर आले तेव्हा दोघांचेही चेहरे कोरडे होते. पिन त्यांनी ट्विलाच्या सळईतून कापून बनवली. लॅम्बर्टनं कापली, गेरिटनं घासली. मग ट्रक कोणी चालवायचा यावर नवं भांडण झालं आणि दोघंही आत बसले. धावपट्टी अर्धी मोकळी झाली तोवर उजेड गेला. त्या रात्री आम्ही ट्विलाच्या खोलीत, हरणाच्या मुंडक्याखाली, मिळेल तिथे आडवे झालो. खायला पाव होता आणि मी शेवटी कोटाखालचं खोकं काढलं. कॉरीन म्हणाली, "कातडं एकदाचं बाहेर आलं." गेरिटनं मासा खाल्ला, बोटं चाटली, आणि माझ्याशी त्या दुपारनंतर पहिल्यांदा बोलला, "तुमचे मामा काय करतात?" म्हणून मी बॅटरीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. गेरिट ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "अच्छा. म्हणजे हे तुमच्या घराण्यातच आहे." त्यानं ते कौतुकानं म्हटलं असं मी धरून चालले आहे.

सकाळी त्यांनी पुन्हा एकदा पट्टी झाडली आणि कॅप्टन बर्डसॉलनी जाऊन स्वतः चालून पाहिली, बूट घासून. मग म्हणाल्या, "आता." आम्ही ॲस्पेनला उतरलो तेव्हा इतकं ऊन होतं की आदल्या दिवसाचं कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. कॉरीन स्की घेऊन गेली. भाऊ सह्या करायला गेले आणि न करता परत आले. विकत घेणाऱ्यांनी विचारलं म्हणे, तुमचं सर्वांत चांगलं पातं कुठलं, पिनेचं की स्प्रिंगचं. आणि त्यावर दोघांचं जेवणाच्या टेबलावर असं जुंपलं की ती माणसं गोड खायलाही थांबली नाहीत. परतताना गेरिट मला म्हणाला, "विकून टाकला असता, तर या माणसाशी भांडायला मला निमित्त काय उरलं असतं?" लॅम्बर्ट झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होता.

तर असा सगळ्यांचा आनंदीआनंद झाला, एक माझा सोडून. हूकस्ट्रांनी मला सोडलं नाही, उलट चार जणांना माझं नाव सांगितलं, की ही बाई 'नाही' म्हणते, हिच्याकडून विमान घ्या. पण पूर्वी दोन भावांची दोन विमानं लागायची, आता एकातच जातात. समेट माझ्या धंद्याला परवडत नाही. तरी मी ऋणी आहे. तुझी, त्या कॅप्टन बाईंची, ट्विलाची (तिला एक खोकंभर खऱ्या पिना गेल्या आहेत, आणि एक स्प्रिंगही, दोन वेगळ्या पार्सलांतून), आणि मामीची, तिनं फटीतून पाहिलं नसतं तर मला ही गोष्ट कळली नसती.

गुडघ्याला जप. छपरावर चढू नकोस.

तुझी,
मारेन

ता. क. फेब्रुवारीत डुलूथहून ॲरिझोनाला एक विमान रिकामं जायचंय. एका गिऱ्हाइकाला सोडून झालं की विमान पुढच्या गिऱ्हाइकाकडे असंच रिकामं जातं, आमच्यात ही रोजचीच गोष्ट. आई तिथेच उन्हात बसलेली असते आणि दर रविवारी मला विचारते, ऑरिन एकटा काय करतो. तू मार्चपर्यंत तिच्याकडे राहावंस असं मला सुचलं, सहज. पुक्कोसुद्धा चालेल. वैमानिकाचं लायसन गेल्यापासून तू मागच्या खुर्चीत बसून कुठे गेला नाहीस हे मी जाणून आहे. पुढे बसता येणार नाही, कॅप्टन बर्डसॉल तुला बसू देणार नाहीत. पण मधलं दार उघडं ठेवते म्हणाल्या, म्हणजे तुला मागून चुका काढता येतील.

ता. क. दुसरा. वर 'रिकामं' लिहिलं ते तितकंसं खरं नाही. विमानात हूकस्ट्रा बंधू आहेत. दोघं उन्हात आठ दिवस विश्रांती घ्यायला चाललेत आणि आता थेट बोलतात. मागच्या उड्डाणात ते डुलूथपासून कॅन्ससपर्यंत थेट बोलले. कॅप्टन बाईंनी स्पष्ट सांगितलंय, दोघांच्या मध्ये एक जाणता माणूस बसवल्याशिवाय त्या इंजिन सुरू करणार नाहीत. मी बसणार नाही, माझं झालं. भावांनी स्वतःच तुझं नाव सुचवलं आणि ते तुला भेटायला उत्सुक आहेत. कृपा करून ये. हीच खरी विनंती. वरची सगळी पानं तिच्यासाठी लिहिली, असं तू म्हणशील तर मी वाद घालणार नाही.

ता. क. तिसरा. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती लगेच तुझ्यासाठी मागची खोली रंगवायला काढेल आणि मग तुला नाही म्हणायची चोरी होईल, म्हणून आधी तुझं उत्तर येऊ दे म्हटलं.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवता चिकटवता आईचा फोन आला. खोली रंगवून झाली आहे. निळी.